हिस्टामीन ग्राही व विषमवलयी औषधे

शरीरातील कोशिकांच्या पटलात किंवा अंतर्भागात असणाऱ्या ज्या प्रथिन-रेणूंना विशिष्ट घडणीचे रासायनिक पदार्थ बद्ध झाले असता कोशिकेत ठराविक प्रतिक्रिया सुरू होते, त्या रेणूंना ग्राही असे म्हणतात. तंत्रिकांच्या टोकांशी स्रवणारी द्रव्ये, हॉर्मोने व हिस्टामिनासारखे स्थानिक क्रिया करणारे पदार्थ ग्राहींमार्फतच आपले कार्य करतात. बाहेरून दिलेली अनेक औषधेही याच ग्राहींना बद्ध होतात. त्यांपैकी काही शरीरातील मूळ पदार्थाचे कार्य करतात व त्यांना उद्दीपके म्हणतात. इतर काही ग्राहीची जागा केवळ अडवून धरतात व मूळ पदार्थाला तेथे पोहोचू देत नाहीत. यांना रोधके म्हणतात. अशा औषधांपैकी फार मोठा भाग विषमवलयी संयुगांचा आहे. ज्या कार्बनी संयुगांच्या वलयात कार्बनाबरोबर नायट्रोजन, ऑक्सिजन किंवा गंधक यांचा एक वा अधिक अणू असतो, ती विषमवलयी संयुगे होत. क्विनीन, मॉर्फीन, ॲट्रोपीन व निकोटीन ही वनस्पतिज द्रव्ये विषमवलयी आहेत. वलयातील नायट्रोजन अणू प्रोटॉन स्वीकारू शकतो, हायड्रोजन बंध जोडू शकतो आणि वलयाच्या ताठर चौकटीमुळे हे गुण अवकाशात निश्चित जागी ठेवले जातात. ग्राहीशी जुळण्यास हीच गोष्ट उपयोगी पडते.

ग्राही प्रत्यक्ष हाती लागण्यापूर्वी सुमारे आठ दशके ती केवळ एक कल्पना होती. या काळात तिच्या सत्यतेचा सर्वांत भक्कम पुरावा रसायनशास्त्रज्ञांनी तयार केलेल्या नव्या संयुगांच्या रूपाने मिळाला, हे या विषयाच्या इतिहासाचे वैशिष्ट्य आहे. इमिडाझोल या विषमवलयापासून जठरव्रणावरील औषधे कशी तयार झाली, ही हकीकत त्याचे उत्तम उदाहरण होय.

ग्राही-कल्पनेचा उदय : केंब्रिज येथील शरीरक्रियावैज्ञानिक जॉन न्यूपोर्ट लँग्ली (१८५२–१९२५) यांनी १८७८ मध्ये मांजराच्या लाळेच्या स्रावावर पायलोकार्पीन व ॲट्रोपीन यांचा होणारा परस्परविरोधी परिणाम अभ्यासला. हे दोन्ही पदार्थ एखाद्या समान द्रव्याशी संयोग पावत असावेत व ज्याचे प्रमाण अधिक त्याचा परिणाम वरचढ ठरत असावा, असा तर्क त्यांनी केला. १९०५ मध्ये निकोटीन व क्युरारी यांच्या स्नायूंवरील क्रियेचा अभ्यास करून त्यांनी स्नायूत ‘ग्रहणशील द्रव्य’ असल्याचे प्रतिपादन केले. जर्मनीत पॉल एर्लिक (१८५४–१९१५) हे रोगप्रतिकारक्षमतेच्या अभ्यासातून स्वतंत्रपणे अशाच निष्कर्षाकडे आले होते. रंजकद्रव्ये काही ऊतकांनाच निवडून चिकटतात, या निरीक्षणाचा त्यांच्या विचारांवर मोठा प्रभाव होता. पदार्थ कोठेतरी बद्ध झाल्याशिवाय क्रिया करू शकत नाही, हे त्यांच्या विचाराचे सूत्र होते व ‘ग्राही’ या अर्थाची संज्ञाही त्यांनीच रूढ केली.

तथापि पुढील अनेक वर्षे बहुतेक शास्त्रज्ञांना ही कल्पना सोयीची भाषा यापलीकडे महत्त्वाची वाटली नाही. ॲल्फ्रेड जोसेफ क्लार्क (१८८५–१९४१) यांनी औषधाची मात्रा व परिणाम यांचे गणिती संबंध मांडून तिला संख्यात्मक पाया दिला. लंडन येथील हाइन्झ ओटो शिल्ड (१९०६–१९८४) यांनी १९४७ मध्ये रोधकाची शक्ती मोजण्याचे माप सुचविले. उद्दीपकाची मात्रा दुप्पट करावी लागेल इतका अडथळा रोधकाच्या किती संहतीमुळे होतो, हे या मापावरून काढता येते. एकाच रोधकाचे हे माप निरनिराळ्या ऊतकांत सारखे आले, तर त्या ऊतकांतील ग्राहीही एकाच प्रकारची असली पाहिजे. ते भिन्न आले, तर ग्राही भिन्न असतात. न दिसणाऱ्या वस्तूंचे वर्गीकरण करण्याचे साधन अशा रीतीने उपलब्ध झाले.

१९४८ मध्ये अमेरिकेतील रेमंड ॲल्क्विस्ट (१९१४–१९८३) यांनी ॲड्रेनॅलिनाच्या ग्राही आल्फा व बीटा अशा दोन प्रकारच्या असतात, असे दाखविले. त्यांचा निबंध प्रथम एका नियतकालिकाने नाकारला होता व प्रसिद्ध झाल्यावरही कित्येक वर्षे दुर्लक्षित राहिला. स्कॉटिश वैद्यक जेम्स व्हाइट ब्लॅक (१९२४–२०१०) यांनी मात्र त्यातील उपयुक्त आशय ओळखला. हृदयशूळाच्या रुग्णात हृदयाला होणारा ऑक्सिजनाचा पुरवठा वाढविण्याऐवजी बीटा ग्राही रोधून हृदयाची ऑक्सिजनाची गरजच कमी करावी, असा त्यांचा विचार होता. इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज या कंपनीत १९५८ ते १९६४ या काळात त्यांनी केलेल्या कार्यातून प्रथम प्रोनेथॅलॉल व नंतर प्रोप्रॅनोलॉल ही औषधे तयार झाली. प्रोनेथॅलॉलामुळे उंदरांत अर्बुदे झाल्याने ते मागे घ्यावे लागले. ही संयुगे विषमवलयी नव्हेत. परंतु त्यांच्या निर्मितीतून एक कार्यपद्धती निश्चित झाली. शरीरातील मूळ संदेशवाहक पदार्थाचा रेणू घ्यावा, त्याची ग्राहीला धरण्याची क्षमता राखून उद्दीपन करण्याची क्षमता पायरीपायरीने काढून टाकावी, ही ती पद्धती होय.

हिस्टामीन व त्याचे अपुरे रोधक : हिस्टामीन हा इमिडाझोल-वलय असलेला लहानसा रेणू आहे. या पंचकोनी वलयात ३ कार्बन व २ नायट्रोजन अणू असतात आणि वलयाला २ कार्बन अणूंच्या साखळीने ॲमिनो गट जोडलेला असतो. शरीरात हिस्टिडीन या ॲमिनो अम्लातून कार्बन डाय-ऑक्साइड निघून जाऊन ते तयार होते. त्याचा शोध मात्र उलट्या क्रमाने लागला. १९०७ मध्ये आडोल्फ व्हिंडाउस (१८७६–१९५९) व त्यांचे सहकारी यांनी ते प्रयोगशाळेत संश्लेषणाने तयार केले, तेव्हा त्याच्या शरीरक्रियेविषयी काहीही माहिती नव्हती. १९१० मध्ये जॉर्ज बार्गर (१८७८–१९३९) व हेन्री हॅलेट डेल (१८७५–१९६८) यांना ते अर्गट या कवकजन्य द्रव्यात आढळले. डेल व त्यांचे सहकारी यांनी त्यामुळे स्नायूंचे आकुंचन होते, रक्तदाब उतरतो व प्राण्यात तीव्र आघातासारखी स्थिती निर्माण होते असे दाखविले. ते शरीराच्या ऊतकांतील नैसर्गिक घटक असल्याचे १९२७ मध्ये सिद्ध झाले. दरम्यान १९२० मध्ये ल्व्हूफ येथील लेऑन पोपिएल्स्की यांनी हिस्टामीन टोचलेल्या कुत्र्याच्या जठरात अम्लाचा विपुल स्राव होतो, ही महत्त्वाची गोष्ट नोंदविली होती.

पॅरिस येथील पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये दान्येल बोव्हे (१९०७–१९९२) व आन-मारी स्टॉब यांनी १९३७ मध्ये हिस्टामीनरोधक गुण असलेली पहिली संयुगे शोधून काढली. ती औषध म्हणून वापरण्याइतकी निर्धोक नव्हती. परंतु त्यांच्या मागोमाग १९४० नंतरच्या दशकात पिरिडीन वलय असलेले मेपिरामीन, फिनोथायाझीन वलयसमूह असलेले प्रोमेथॅझीन इ. उपयुक्त औषधे प्रचारात आली. शिंका, पित्त उठणे, कंड, कीटकदंश यांवर ती गुणकारी ठरली. बोव्हे यांना १९५७ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले.

या औषधांत एक उणीव स्पष्ट होती. कितीही मात्रा दिली, तरी हिस्टामिनामुळे होणारा जठरातील अम्लस्राव त्यांनी थांबत नसे. हिस्टामिनामुळे वाढलेली हृदयगती व उंदराच्या गर्भाशयाचे झालेले शिथिलीकरण यांवरही त्यांचा परिणाम होत नसे. हिस्टामिनाच्या ग्राही दोन प्रकारच्या असाव्यात, अशी सूचना १९४८ मध्येच स्वीडनमधील संशोधकांनी केली होती. १९६६ मध्ये शिल्ड व त्यांचे सहकारी ॲश यांनी जुन्या औषधांनी रोधल्या जाणाऱ्या ग्राहींना एच-१ असे नाव दिले व उरलेल्या ग्राहींच्या नामकरणासाठी त्यांचा विशिष्ट रोधक सापडण्याची वाट पाहिली. हा संयम शास्त्रीय दृष्ट्या योग्यच होता, कारण रोधक नसताना ‘दुसरी ग्राही’ म्हणणे हे अज्ञानाला नाव देण्यासारखे झाले असते. हिस्टामिनाचा स्वाभाविक अम्लस्रावात काही भाग आहे की नाही, याविषयीही मतभेद होते. जठरातील गॅस्ट्रीन हे हॉर्मोन १९६४ मध्ये शुद्ध स्वरूपात मिळाल्यावर संशोधकांचे लक्ष तिकडे वळले होते.

या प्रश्नाला व्यावहारिक महत्त्व मोठे होते. जठर व ग्रहणी यांतील पचनज व्रण हा त्या काळी सर्वत्र आढळणारा, वर्षानुवर्षे छळणारा रोग होता. दूध, बेचव आहार, अम्लनाशक चूर्णे व विश्रांती हे उपाय तात्पुरते ठरत. व्रणातून रक्तस्राव झाला किंवा त्याला छिद्र पडले, तर रुग्णाचा जीव धोक्यात येई. तीव्र व चिवट विकारात जठराचा भाग कापून काढणे किंवा अम्लस्रावाला चालना देणारी प्राणेशा तंत्रिका छेदणे, अशा मोठ्या शस्त्रक्रिया कराव्या लागत.

इमिडाझोलापासून सिमेटिडिनापर्यंत : १९६४ मध्ये ब्लॅक हे स्मिथ क्लाइन अँड फ्रेंच या अमेरिकन कंपनीच्या लंडनच्या उत्तरेस असलेल्या वेल्विन गार्डन सिटी येथील प्रयोगशाळेत आले. त्यांच्या गटात रॉबिन गॅनेलिन, ग्रॅहॅम ड्युरंट व जॉन एमेट हे रसायनशास्त्रज्ञ आणि मायकेल पार्सन्स व विल्यम डंकन हे जीववैज्ञानिक होते. हिस्टामिनाच्या रेणूत फेरफार करीत जायचे व प्रत्येक नव्या संयुगाची परीक्षा घ्यायची, असा कार्यक्रम ठरला. यासाठी बेशुद्ध केलेल्या उंदराच्या जठरातून द्रव सतत वाहवून त्याची अम्लता नोंदण्याची पद्धत वापरण्यात आली. ही पद्धत १९५८ मध्ये एम्. एन्. घोष व शिल्ड यांनी तयार केली होती. घोष यांचे प्रायोगिक औषधिक्रियाविज्ञानावरील पाठ्यपुस्तक भारतातील विद्यार्थ्यांच्या परिचयाचे आहे.

पहिल्या चार वर्षांत सुमारे २०० संयुगे तयार झाली, पण त्यांपैकी एकानेही अम्लस्राव रोधल्याचे दिसले नाही. हे अपयश सर्वस्वी निष्फळ मात्र नव्हते. इमिडाझोल वलयावर चौथ्या स्थानी मिथिल गट जोडला असता मिळणारे संयुग जठर व हृदय यांवर हिस्टामिनाप्रमाणे क्रिया करी, परंतु आतड्याच्या स्नायूवर त्याचा परिणाम अत्यल्प होई. दुसऱ्या स्थानी तोच गट जोडल्यास नेमके उलट घडे. एकच लहान गट वलयावर एक घर इकडेतिकडे सरकविल्याने क्रियेचे क्षेत्र बदलावे, यावरून दोन ग्राहींच्या घडणीत खरोखरच भेद असल्याची खात्री पटत गेली.

मार्ग सापडला तो एका जुन्याच संयुगाच्या फेरतपासणीतून. हिस्टामिनाच्या साखळीच्या टोकाचा ॲमिनो गट काढून तेथे ग्वानिडीन गट जोडलेले संयुग आरंभीच्या काळातच तयार झाले होते. ते स्वतःच अम्लस्राव घडवून आणते, असे दिसल्याने ते उद्दीपक समजून बाजूला ठेवण्यात आले होते. १९६८ मध्ये अधिक काटेकोर परीक्षेत असे आढळले की, त्याने होणारा स्राव हिस्टामिनाने होणाऱ्या कमाल स्रावापेक्षा कमी असतो व ते हिस्टामिनाबरोबर दिल्यास हिस्टामिनाचा परिणाम काही प्रमाणात घटवते. म्हणजे ते अंशतः उद्दीपक व अंशतः रोधक होते. ग्राहीला ते धरून ठेवीत होते, पण तिला पूर्णपणे चालना देऊ शकत नव्हते. संशोधकांना चार वर्षे हवा असलेला धागा त्यांच्याच कपाटात होता.

आता उद्दीपनाचा अंश काढून टाकणे बाकी होते. ग्वानिडीन गट प्रबळ क्षारकीय असून शरीरातील द्रवात त्याच्यावर धन विद्युत् भार असतो. हिस्टामिनाच्या ॲमिनो गटावरही असाच भार असतो. हा भार ग्राहीला चालना देत असावा, असा तर्क करून त्याच्या जागी आकाराने जुळता पण भाररहित असा थायोयूरिया गट बसविण्यात आला. मिळालेले संयुग दुर्बल रोधक होते, परंतु त्यात उद्दीपकता मुळीच उरली नव्हती. नंतर साखळीची लांबी वाढवून ४ कार्बन अणूंपर्यंत नेली असता बुरिमामाइड हे संयुग मिळाले. त्याची रोधक शक्ती मूळ ग्वानिडीन संयुगाच्या सुमारे १०० पट होती. तेथपर्यंत सुमारे ७०० संयुगे तयार करून तपासली गेली होती. खाजगी कंपनीच्या प्रयोगशाळेत एवढा काळ विक्रीयोग्य फलाविना एकच काम चालू राहावे, ही अपवादात्मक गोष्ट म्हटली पाहिजे.

बुरिमामाइडाने जठर, हृदयाचे अलिंद व गर्भाशय या तिन्ही ठिकाणी हिस्टामिनाची क्रिया रोधली, आतड्याच्या स्नायूवर मात्र नाही. १९७२ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निबंधात ब्लॅक व त्यांचे सहकारी यांनी एच-२ ग्राहीचे अस्तित्व व तिचा रोधक ही दोन्ही एकदमच जाहीर केली. शिवाय बुरिमामाइडाने गॅस्ट्रिनामुळे होणारा स्रावही कमी झाला. हिस्टामीन हा स्वाभाविक अम्लस्रावातील आवश्यक दुवा आहे, हा वाद त्यामुळे बव्हंशी मिटला.

औषध म्हणून बुरिमामाइड उपयोगी नव्हते, कारण तोंडावाटे दिल्यास त्याचा पुरेसा परिणाम होत नसे. पुढील सुधारणा विषमवलयाच्या सूक्ष्म रसायनशास्त्रावर आधारलेली होती व ती या संपूर्ण हकीकतीतील सर्वांत उद्‌बोधक पायरी आहे. इमिडाझोल वलयातील हायड्रोजन अणू दोन नायट्रोजन अणूंपैकी कोणत्याही एकावर असू शकतो व एकावरून दुसऱ्यावर जाऊ शकतो. शिवाय वलय एक जादा प्रोटॉन स्वीकारून भारित होऊ शकते. म्हणजे द्रावणात या रेणूची तीन रूपे एकत्र नांदतात व त्यांपैकी ग्राहीला मानवणारे बहुधा एकच असते. साखळीतील गट वलयाकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतो, की वलयाला पुरवितो, यावर या रूपांचे प्रमाण अवलंबून असते. हिस्टामिनाची भारित साखळी इलेक्ट्रॉन ओढणारी आहे. बुरिमामाइडाची साखळी उलट ते किंचित पुरविणारी आहे. त्यामुळे बुरिमामाइडाचे वलय हिस्टामिनाच्या वलयापेक्षा अधिक प्रमाणात भारित राही व नको त्या रूपात जाई. गॅनेलिन व त्यांचे सहकारी यांनी साखळीतील एका कार्बनाच्या जागी इलेक्ट्रॉन ओढणारा गंधकाचा अणू घातला व वलयावर एक मिथिल गट बसवून हवे ते रूप अधिक स्थिर केले. अशा रीतीने मिळालेले मेटियामाइड बुरिमामाइडाच्या सुमारे १० पट शक्तिमान होते व तोंडावाटेही गुणकारी होते.

मेटियामाइडाने ग्रहणीतील व्रण भरून येत असल्याचे चाचण्यांत दिसले. परंतु सुमारे ७०० रुग्णांपैकी काही थोड्यांच्या रक्तातील कणयुक्त श्वेत कोशिका धोकादायक प्रमाणात घटल्या. अशा स्थितीत साधे संसर्गही प्राणघातक ठरू शकतात. औषध थांबविल्यावर ही घट भरून आली, तरी व्रणासारख्या सहसा लगेच प्राणघातक नसलेल्या रोगासाठी हा धोका पत्करण्याजोगा नव्हता व चाचण्या आवरत्या घ्याव्या लागल्या. संशय थायोयूरिया गटावर होता, कारण अवटू ग्रंथीच्या विकारांवरील त्याच वर्गातील औषधांमुळे असाच दोष उद्‌भवतो हे पूर्वीपासून ज्ञात होते.

या संकटावरील तोड आधीच तयार होती. थायोयूरियातील गंधकाच्या जागी काय घालता येईल, याचा शोध गटाने १९७२ मध्येच घेतला होता. गंधकाऐवजी नायट्रोजन घातल्यास पुन्हा ग्वानिडीन व त्याबरोबर नको असलेला धन भार परत येतो. त्या नायट्रोजनाला प्रबळ इलेक्ट्रॉन ओढणारा सायानो गट जोडला, तर मात्र ग्वानिडिनाची क्षारकता जवळजवळ नाहीशी होते आणि आकार व हायड्रोजन बंध जोडण्याची रीत या बाबतींत तो गट थायोयूरियासारखाच राहतो. असे सायानोग्वानिडीन असलेले संयुग म्हणजे सिमेटिडीन होय. मेटियामाइडामुळे श्वेत कोशिका घटलेल्या रुग्णाला सिमेटिडीन दिले असता तो दोष पुन्हा दिसला नाही. नोव्हेंबर १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये व १९७७ मध्ये अमेरिकेत ते विक्रीस आले.

परिणाम व पुढील औषधे : सिमेटिडिनाने व्रणाची चिकित्सा थोड्याच वर्षांत बदलली. वेदना काही दिवसांत कमी होत, बहुतेक व्रण चार ते आठ आठवड्यांत भरून येत व शस्त्रक्रियांची संख्या झपाट्याने खाली आली. १९८६ पर्यंत या औषधाची वार्षिक विक्री १०० कोटी डॉलरच्या पुढे गेली होती. तोपर्यंत कोणत्याही औषधाने हा पल्ला गाठलेला नव्हता. ब्लॅक यांना १९८८ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक गर्ट्रूड एलियन व जॉर्ज हिचिंग्ज यांच्याबरोबर विभागून मिळाले. या दोघांचे कार्यही प्रामुख्याने प्युरीन व पिरिमिडीन या विषमवलयी संयुगांविषयीचे होते.

हिस्टामिनाशी असलेले सिमेटिडिनाचे साम्य ज्या वलयामुळे आले, त्याच वलयाने त्याचे काही दोषही निर्माण केले. इमिडाझोलातील नायट्रोजन यकृतातील सायटोक्रोम पी-४५० या एंझाइमांतील लोहाच्या अणूला चिकटतो. परिणामी वॉर्फरीन, फेनिटॉइन, थिओफायलीन यांसारख्या औषधांचे विघटन मंदावते व त्यांची रक्तातील पातळी धोकादायक प्रमाणात वाढू शकते. ग्लॅक्सो समूहातील ॲलन अँड हॅनबरीज या कंपनीच्या संशोधकांनी म्हणून इमिडाझोल काढून त्या जागी ऑक्सिजनयुक्त फ्युरान वलय घातले व त्याला क्षारकीय पार्श्वगट जोडला. १९८१ मध्ये बाजारात आलेले हे रॅनिटिडीन अधिक शक्तिमान होते व एंझाइमांत फारसा अडथळा आणीत नसे. इमिडाझोल अपरिहार्य आहे, हा समज त्याने खोटा ठरविला. जपानमधील यामानोउची कंपनीचे थायाझोल वलय असलेले फॅमोटिडीन १९८५ मध्ये आले. ते याहूनही कमी मात्रेत परिणामकारक होते.

भारतात १९७० च्या एकस्व कायद्यानुसार (१९७२ पासून अंमलात) औषधी पदार्थावर एकस्व न देता ते तयार करण्याच्या कृतीवरच अल्प मुदतीचे एकस्व दिले जाई. भारतीय उत्पादकांनी निराळ्या कृती बसवून ही औषधे तयार केली व मूळ देशांतील किंमतींच्या तुलनेने ती येथे पुष्कळ स्वस्त राहिली. १ जानेवारी २००५ पासून पदार्थांवरील एकस्व पुन्हा लागू झाले, तोपर्यंत या पिढीतील औषधे जगभर सर्वांसाठी खुली झाली होती.

ही सर्व औषधे अम्ल कमी करीत, परंतु व्रणाचे मूळ कारण दूर करीत नसत. ती बंद केल्यावर अनेकांचा व्रण परत येई व रुग्णाला वर्षानुवर्षे गोळ्या घ्याव्या लागत. विक्रीच्या प्रचंड आकड्यांत या पुनरावृत्तीचाही वाटा होता, हे नजरेआड करता येत नाही. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल यांनी १९८२ मध्ये जठरातील हेलिकोबॅक्टर पायलोरी हा सूक्ष्मजंतू वेगळा केला व तो बहुतेक पचनज व्रणांचे कारण असल्याचे पुढे सिद्ध झाले. हे मत स्वीकारले जाण्यास दशकाहून अधिक काळ लागला. १९९४ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या तज्ञ-परिषदेने सूक्ष्मजंतुबाधा असलेल्या व्रणाच्या रुग्णांना प्रतिजैविके देण्याची शिफारस केली. दरम्यान १९८८ मध्ये ओमेप्रॅझोल हे बेंझिमिडाझोल वलयसमूह असलेले औषध आले. ते ग्राहीवर नव्हे, तर अम्ल बाहेर टाकणाऱ्या एंझाइमावरच क्रिया करते व अधिक प्रभावी असल्याने एच-२ रोधकांचे स्थान बव्हंशी त्या वर्गाने घेतले. रॅनिटिडिनाच्या गोळ्यांत एन-नायट्रोसोडायमिथिल अमाइन हे संभाव्य कर्करोगजनक द्रव्य २०१९ मध्ये आढळले व एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध-नियंत्रण प्रशासनाने ते बाजारातून काढून घेण्यास सांगितले.

ग्राहींचे प्रत्यक्ष स्वरूप : औषधे मागे पडली, तरी त्यांनी उघड केलेल्या ग्राहींचा अभ्यास पुढे चालूच राहिला. १९९१ मध्ये एच-१ व एच-२ या दोन्ही ग्राहींची जीने वेगळी करण्यात आली. एच-२ ग्राही ३५९ ॲमिनो अम्लांची साखळी असून ती कोशिकापटलातून सात वेळा आरपार जाते. ॲड्रेनॅलिनाच्या बीटा ग्राहीही याच कुळातील आहेत. ब्लॅक यांनी एकापाठोपाठ हाताळलेल्या दोन ग्राही रचनेने सगोत्र निघाव्यात, ही लक्षणीय गोष्ट आहे. हिस्टामिनाचा भारित ॲमिनो गट ग्राहीतील ॲस्पार्टिक अम्लाच्या ऋण भाराशी बद्ध होतो, असेही दिसून आले.

१९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने रोधकाची मूळ कल्पनाच काहीशी बदलली. एच-२ ग्राही हिस्टामीन नसतानाही थोड्या प्रमाणात आपोआप कार्यरत असते. सिमेटिडीन व रॅनिटिडीन हे केवळ तिची जागा अडवीत नाहीत, तर ही मूळची क्रियाही कमी करतात. बुरिमामाइड मात्र नुसती जागाच अडविते. दीर्घकाळ उपचारानंतर कोशिकेतील ग्राहींची संख्या वाढते व औषधाचा गुण उणावतो, याचे स्पष्टीकरण यातून मिळाले.

बुरिमामाइडाविषयी आणखी एक गोष्ट निराळ्याच मार्गाने उघडकीस आली. पॅरिस येथील झां-शार्ल श्वार्त्स व त्यांचे सहकारी यांनी १९८३ मध्ये मेंदूत हिस्टामिनाच्या तिसऱ्या प्रकारच्या ग्राही असल्याचे दाखविले. तंत्रिकेच्या टोकातून हिस्टामीन किती बाहेर पडावे याचे नियमन त्या करतात. या एच-३ ग्राहींवर बुरिमामाइडाची शक्ती एच-२ ग्राहींवरील शक्तीपेक्षा पुष्कळ अधिक निघाली. एच-२ ग्राहीची व्याख्या ज्या संयुगाने केली, ते मुळात दुसऱ्याच ग्राहीला अधिक घट्ट धरणारे होते. चौथ्या प्रकारच्या ग्राही २००० मध्ये ज्ञात झाल्या व त्या मुख्यत्वे रोगप्रतिकाराशी संबंधित कोशिकांत आढळतात. श्वार्त्स व गॅनेलिन यांच्या सहकार्यातून पिटॉलिसंट हे एच-३ ग्राहीवर क्रिया करणारे औषध निर्माण झाले. त्यात इमिडाझोल नसून पायपरिडीन हे विषमवलय आहे. दिवसा अनावर झोप येण्याच्या विकारावर ते २०१६ पासून यूरोपात व २०१९ पासून अमेरिकेत वापरात आहे.

ग्राहीच्या त्रिमितीय रचनेची चित्रे बऱ्याच उशिरा मिळाली. डॉक्सेपीन हे औषध बद्ध झालेल्या एच-१ ग्राहीची स्फटिकरचना २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. फॅमोटिडीन बद्ध झालेल्या एच-२ ग्राहीची रचना अतिशीत अवस्थेतील नमुन्यावर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक वापरून २०२२ मध्ये निश्चित करण्यात आली.